सोनेरी दातांवरचं भस्म

“…मंग ओढ सुटली, हे तू कशावरून म्हणतोस?”

दयाळपुरी बाबांनी हे विचारलं तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. नजर शेंगांवरच होती.

समोर मुंजाजी गिराम हात जोडून बसला होता. पाठ ताठ. उभी नोकरी पोलिसांच्या बिनतारी खात्यात झालेली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्या पाठीला अजून कुणी ‘विश्राम’ म्हटलं नव्हतं.

“बाबा, घराला कुलूप लावलं. फोन बंद करून टाकला. कुणाचं नाव तोंडात येत नाही.”

“तोंडात येत न्हाई…”

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. ती बाजूला टाकली.

“मंग संध्याकाळी फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की तुझी मान कुणीकडं वळती?”

मुंजाजीनं जोडलेले हात मांडीवर घेतले.

“कानाची सवय आहे बाबा. नोकरीच तसली होती.”

“हां. सवय आसंल.”

दुधना नदीच्या काठावरचा हा गोसाव्यांचा मठ तसा लहानच. एक समाधी, एक स्वयंपाकघर, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी भक्तनिवासाच्या चार खोल्या, त्यांची ओसरी आणि ओसरीच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली कचेरी. मुंजाजी इथं आला तो झाडलोट करायला लागला, मग कचेरी बघायला लागला, आणि मग दीक्षा मागायला लागला. बाबा दरवेळी म्हणायचे, बघू.

आज मात्र पौर्णिमा होती आणि बाबा ‘बघू’ म्हणाले नव्हते. मुंजाजीनं आदल्या दिवशी रीतीप्रमाणे स्वतःच्या हातानं गेरूत भिजवून वस्त्र रंगवलं होतं. ते घडी घालून समाधीच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं. त्याच्या नखांत गेरू अजून तसाच होता.

“दीक्षा घ्यायची ना आज?” बाबा म्हणाले.

“हो बाबा.”

“मंग आधी ते कार्ड बसव.”

“कुठलं कार्ड?”

बाबांनी शेंगांच्या सुपाखालून एक छोटा खोका काढला. त्यावर चित्र होतं. हिरवी पाटी, तिच्या मागं दोन काळ्या शेंड्या.

कचेरीत एक जुना कॉम्प्युटर होता. त्याची नेटची तार भक्तनिवासातून कौलांवरून यायची, आणि ती खारी कुरतडून टाकायच्या. कितीदा बदलली तरी तेच. मठात खारीला हाकलायची रीत नाही, त्यामुळे तार हरायची आणि खार जिंकायची. हे कार्ड बसवलं की तारेचा प्रश्नच उरणार नव्हता. नेट हवेतून यायचं.

“बिनतारी,” मुंजाजी म्हणाला. त्याच्या आवाजात जरा माया आली आणि लगेच जरा तुच्छताही. “या दीड वितीच्या शेंड्या! बाबा, आमच्या कंट्रोल रूमचा मनोरा बघायला हवा होता तुम्ही.”

“तो इथं न्हाई. हे हाय.”

“पण आजच? दीक्षेच्या दिवशी?”

“दीक्षेच्या दिवशीच.”

“कुणी दिलं हे?”

“दिलं एकीनं.”

मुंजाजीनं पुढं विचारलं नाही. मठाला कुणी पातेलं देतं, कुणी सतरंजी. कुणी दिलं याची चौकशी करणं शिष्याला शोभत नाही, असं त्याला वाटे. शिष्याला काय शोभतं याबद्दल त्याची मतं फार पक्की होती.

आता मठाची एक रीत होती. नवी वस्तू मग ती केरसुणी असो की कुलूप, आधी समाधीपुढं जायची. बाबा तिला भस्म लावायचे आणि मगच ती वापरात यायची. कार्डही गेलं. मुंजाजीनं ते पिशवीतून अलगद काढून ताटात ठेवलं.

पाटीच्या एका कडेला सोनेरी दातांची ओळ होती. ती कॉम्प्युटरच्या खाचेत बसते, तिच्यातूनच यंत्राचं आणि कार्डाचं बोलणं होतं. बाबांनी ओल्या भस्मात अंगठा बुडवला, पाटी जिथं सगळ्यात जास्त चमकत होती तिथंच टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला.

मुंजाजीमधल्या तंत्रज्ञाचा जीव वरखाली झाला. मुंजाजीमधल्या शिष्यानं त्याला गप्प बसवलं.

कचेरीत जाऊन त्यानं कॉम्प्युटरचा प्लग काढला. डब्याच्या बाजूचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, मागची पत्र्याची पट्टी सोडवली आणि कार्ड खाचेत दाबून बसवलं. स्क्रू आवळला. मागं दोन्ही शेंड्या फिरवून घट्ट केल्या. हात सफाईनं चालत होते. या हातांना असं काम किती दिवसांनी मिळालं होतं, ते हातांनाच ठाऊक.

बाबा सूप घेऊन मागोमाग आले आणि दारातल्या पोत्यावर बसले. शेंगा फोडू लागले.

कॉम्प्युटर सुरू झाला. कार्डाबरोबर आलेली सीडी मुंजाजीनं आत सरकवली.

कार्ड सापडत नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला.

त्यानं बंद करून पुन्हा सुरू केला. सापडत नाही. कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवलं. सापडत नाही. स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला. शेंड्या उभ्या केल्या, आडव्या केल्या. जे जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. एक सोडून.

“काय म्हणतंय?” बाबांनी विचारलं.

“ओळखच देत नाही.”

“कार्ड खराब हाय का?”

“कार्ड ठणठणीत आहे.”

“यंत्र?”

“तेही.”

“दोघंबी ठणठणीत. आन् बोलत न्हाईत.” बाबांनी एक दाणा तोंडात टाकला. “आसं कसं?”

मुंजाजीनं स्क्रू पुन्हा एकदा आवळला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

“मुंजाजी, तुमच्या खात्यात माणसं बोलताना शेवटाला कायतरी म्हणायची. काय रं ते?”

“ओव्हर, बाबा.”

“म्हंजी काय?”

“म्हणजे माझं बोलून झालं, मी बटण सोडलंय, आता तुम्ही बोला. दोघं एकदम बोलू शकत नाहीत ना त्या सेटवर. एकानं सोडल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकूच येत नाही.”

“आन् दुसरा शब्द?”

“आऊट. म्हणजे संपलं. उत्तराची गरज नाही.”

“चांगले शब्द हायेत.” बाबा म्हणाले. “तू कुठला जास्ती वापरला?”

मुंजाजी कार्डाकडं बघत बसला.

जिल्ह्यात मुंजाजी गिरामच्या कानाची ख्याती होती. वीज कडाडत असो, सेट नुसता खरखरत असो, त्या खरखरीतून तो माणसाचा आवाज वेचून काढायचा. पुरात अडकलेल्या वस्तीचा निरोप त्यानं असाच वेचला होता. साहेब म्हणायचे, गिरामला मुंगीही ऐकू येते.

त्याची बायको गेली त्या दिवशी तो ड्यूटीवर होता. मुलगी, रोहिणी, घरून सारखी फोन लावत होती. मुंजाजीनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता. सेटवर असताना घरचं काही नको, हा त्याचा स्वतःचाच नियम. तो घरी पोचला तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

तेरावं झाल्यावर रोहिणी एकच वाक्य बोलली. “साऱ्या जिल्ह्याचं ऐकू येतं तुम्हाला पप्पा, घरचं तेवढं येत नाही.”

खोटं असतं तर तो हसला असता. ते खरं होतं, म्हणून त्याच्या अंगाची लाही झाली. तो म्हणाला, “आऊट.”

तिला तो शब्द कळत होता. अगदी लहानपणापासून कळत होता. खात्यानं मोडीत काढलेले दोन वॉकी-टॉकी त्यानं दुरुस्त करून घरी आणले होते. ती गच्चीवर आणि हा स्वयंपाकघरात. ती रात्री लवकर झोपायची नाही, नुसती किलबिलायची, म्हणून हा तिला टिटवी म्हणायचा. बायको रागवायची, असलं अभद्र नाव लेकराला कशाला ठेवता. पण लेकराला ते फार आवडायचं. गच्चीवरून आवाज यायचा, “टिटवी बोलतेय, टिटवी बोलतेय, ओव्हर!” आणि मग ती खरंच थांबायची. श्वास रोखून थांबायची. बाप काय बोलतो ते ऐकायला.

तो मठात आल्यावर सुरुवातीला एकदा रोहिणी दारापर्यंत आली होती. मुंजाजीनं स्वयंपाकीणबाईंकडून निरोप पाठवला, भेटणार नाही. त्यानंतर ती आली नाही.

आणि तेव्हापासून फाट्यावर हॉर्न वाजला की त्याची मान वळायची. सवय वगैरे काही नव्हती. त्याला लेकीची आठवण यायची, एवढंच होतं. जेवताना यायची, जपाला बसल्यावर तर हटकून यायची. ती आली तर काय, याचा विचार तो करत नसे. ती येणार नाही हे मात्र रोज नव्यानं कळायचं. म्हणून तर भगवं वस्त्र हवं होतं. ते एकदा अंगावर आलं की हे थांबेल, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

“…मुंजाजी.”

“जी.”

“काय अडलंय, ते तुला कळलंय. बोल की.”

मुंजाजीनं कार्ड खाचेतून काढलं. ओंजळीत घेऊन बाबांपुढं धरलं. सोनेरी दातांवर पांढरा थर वाळून बसला होता.

“बाबा, हे…”

“काय?”

“दातांवर भस्म आहे.”

“हाय. म्याच लावलं.”

“दात उघडे पाहिजेत. धातूला धातू भिडल्याशिवाय बोलणं होत नाही.”

“हे कवा कळलं तुला?”

मुंजाजीची मान खाली गेली.

“तुम्ही लावलं तेव्हाच.”

“आन् इतका येळ स्क्रू कसायलास?”

“बाबा, समाधीचं भस्म आहे! तुमच्या हातचं. मी ते कसं पुसू? मला वाटलं… गुरूचा हात लागलाय, चालेल तसंच.”

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“पूस.”

“बाबा…”

“भस्म चांगलं हाय. कार्ड चांगलं हाय. पर जिथं भिडायचं तिथं ते आलंय. पूस.”

कचेरीच्या खणात पावत्यांच्या पुस्तकांखाली एक खोडरबर होतं. मुंजाजीनं ते घेतलं आणि सोनेरी दातांवरून हलकेच फिरवू लागला. पांढरी भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती. पाप लागेल अशी भीती होती, आणि भुकटी गळताना आणखी काहीतरी गळत होतं, त्याचीही होती.

दात चमकले.

त्यानं कार्ड बसवलं. झाकण न लावताच कॉम्प्युटर सुरू केला.

सापडलं.

सीडी गुरगुरली. थोडा वेळ गेला. मग पडद्याच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह उमटलं, आणि त्यावर दाबल्यावर आसपास हवेत जे कुणी होतं त्यांची नावं एकाखाली एक येऊ लागली.

“ही कुणाची नावं?” बाबांनी तिथूनच विचारलं.

“ज्यांचं ज्यांचं नेट इथपर्यंत पोचतंय त्यांची. हे आपलं भक्तनिवासाचं. हे शाळेचं… फारच बारीक येतंय. हे बहुतेक फाट्यावरच्या दुकानाचं.”

“म्हंजी ही समदी आधीपासून इथंच होती?”

“हो. हवेत होतीच. आपल्याकडं ऐकायला काही नव्हतं.”

“बरं. आन् ते वरचं?”

मुंजाजीनं वर पाहिलं.

यादीत सगळ्यात वर, सगळ्यात ठसठशीत, इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता.

टिटवी.

कचेरीत काही आवाज नव्हता. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता.

जगात हे लाडाचं नाव तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक माणूस गेलं होतं.

“बाबा…” मुंजाजीनं पडद्यावर बोट ठेवलं. “हे कुणाच्या तरी फोनवरनं येतंय.”

“किती लांबून?”

ते त्याला शोधावं लागलं नाही. नावापुढच्या सिग्नलच्या पट्ट्या त्यानं कधीच वाचल्या होत्या. सगळ्या भरलेल्या होत्या.

“लांब नाही… या भिंतीच्या पलीकडं.”

“भक्तनिवासाची ओसरी हाय पलीकडं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दर पुनवेला येती,” बाबा म्हणाले. “परसाद घेती. मंग ओसरीत बसून आपलं कामाचं यंत्र उघडती आन् एसटीची वाट बघती. फोनमधनं नेट घेती म्हणं. तू गर्दी नको म्हणून इथं दार लावून बसायचास. मधी ही एवढी भिंत.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“कार्ड तिनंच आणलं, पर शब्द घेतला माझ्याकडनं. सांगू नका म्हणली. त्यास्नी आपसूक ऐकू आलं तर येऊ द्या.” बाबांनी दोन्ही हात झटकले. “म्या सांगितलं का तुला?”

मुंजाजीनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. मांडीवर भुकटी तशीच होती, नखांत गेरू तसाच होता.

दर पौर्णिमेला. ती भिंतीला टेकून बसायची आणि हा इकडून त्याच भिंतीला टेकून पावत्या लिहायचा. आणि संध्याकाळी हॉर्न वाजला की हा मान वळवायचा, त्याच एसटीत ती चढत असायची. मुंगी ऐकू येणारा माणूस!

त्यानं पडद्यावरच्या नावावर दाबलं.

“काय म्हणतंय आता?”

“पासवर्ड मागतंय.”

“मंग?”

“मला माहीत नाही बाबा.” तो लहान मुलासारखा बोलला. “तिचा पासवर्ड काय असेल… मला तिचं काहीच माहीत नाही.”



तेवढ्यात एक पट्टी विझली.

मुंजाजीनं डोळे बारीक केले. अँटेनाकडं हात नेला, शेंडी जराशी वळवली. जुनी खोड. पट्टी परत आली नाही. उलट आणखी एक गेली.

“चालली ती,” तो म्हणाला. “उठली. फाट्याकडं चालली.”

“एसटीची येळ झाली.”

“बाबा, जाईल ती!”

“जाईल. मंग फुडल्या पुनवेला यील. न्हाईतर न्हाई यील. यायचा तिचा नेम हाय, करार न्हाई.”

मुंजाजी उठला. खुर्ची मागं पडली ती त्यानं उचलली नाही. दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थबकला. समोर समाधी होती. उंबऱ्यावर भगव्या वस्त्राची घडी होती. तो तिच्याकडं बघत राहिला. मग बाबांकडं.

बाबा सावकाश उठले. समाधीशी गेले, ती घडी उचलली आणि झटकून उलगडली. ताजा गेरू उन्हात लालभडक दिसला. ते वस्त्र घेऊन कचेरीत आले आणि त्यांनी ते उघड्या कॉम्प्युटरवर नीट पांघरलं. चारी कोपरे सारखे केले.

“याच्यावर धूळ लई बसती,” ते म्हणाले.

फाट्यावर हॉर्न वाजला.

मुंजाजीची मान वळली. या वेळी पायही वळले. अंगणात दोन पावलं टाकून तो पुन्हा थांबला. रस्त्यावर, चिंचेच्या पलीकडं, खांद्याला बॅग लावून एक बाई चालली होती. चाल तिच्या आईची होती. पाठ मात्र त्याची स्वतःची होती, तशीच ताठ.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. उभ्या आयुष्यात शब्द पोचवण्याचं काम केलेला माणूस, त्याला एक शब्द सापडेना.

“बाबा…” तो मागं न बघताच ओरडला. “पहिलं काय बोलू तिच्याशी?”

दारात उभ्या राहिलेल्या बाबांच्या अंगठ्याला अजून भस्म होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं.

“ओव्हर म्हण… आन् गप ऱ्हा.”